उजव्या सीटवरचा माणूस : लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकाचं आयुष्य कुठे शोधायचं?

माढ्याला हेलिकॉप्टर नवीन नाही. २००९ साली शरद पवार माढ्यातून लोकसभेला उभे राहिले आणि आपल्या मतदारसंघाचं नाव देशभर झालं, तेव्हापासून तर निवडणूक आली की आभाळात घरघर ठरलेली. मैदानावर चुन्याने मोठा गोल आखतात, मधे एच काढतात, टँकरने पाणी मारतात, पोलीस पोरांना मागे ढकलतात आणि एवढं करून शेवटी सगळ्यांच्या नाकातोंडात माती जातेच. दार उघडतं, पुढारी उतरतात, हार, घोषणा, गाड्यांचा ताफा सभेकडे निघतो. पुढच्या उजव्या सीटवर बसलेल्या माणसाकडे कुणीच बघत नाही. तो पंखा थांबेपर्यंत बसून राहतो, मग खाली उतरून मशीनभोवती एक चक्कर मारतो आणि सावली शोधतो.

(विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो, बहुतेक हेलिकॉप्टरांत उजवीकडे. पुढच्या वेळी बघा.)

भाड्याची हेलिकॉप्टरं उडवणाऱ्यांत लष्कर, हवाई दल आणि नौदलातून निवृत्त झालेले बरेच जण असतात. म्हणजे हा सावलीत उभा असलेला माणूस वीस वर्षं कदाचित लडाखमध्ये, अरुणाचलात, कुठल्या तरी बर्फातल्या चौकीवर रॉकेल आणि टपाल पोचवत होता. त्याला बायको आहे, मुलं आहेत, कुठे तरी हप्त्यावर घेतलेला फ्लॅट आहे. आता असं समजा की या माणसाचं चरित्र तुम्हाला लिहायचंय. सिनॉप्सिस लिहायला घेतलात. पहिलं साधन काय धराल?

मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे माझं उत्तर लगेच ठरलं होतं: लॉगबुक. आकडे असतात, तारखा असतात, वरिष्ठाची सही असते. याहून चांगला डेटा काय असणार? हा लेख म्हणजे ते उत्तर अर्धंच का बरोबर आहे, याची गोष्ट आहे. वाटेत थोडा इतिहास आणि थोडं भौतिकशास्त्र येईल.

लॉगबुकमध्ये वैमानिक प्रत्येक उड्डाणाची नोंद करतो. तारीख, हेलिकॉप्टरचा प्रकार आणि क्रमांक, मुख्य वैमानिक होता की सहवैमानिक, कामगिरी कोणती, दिवसा किती वेळ, रात्री किती वेळ. महिन्याची बेरीज, वर्षाची बेरीज, एकूण बेरीज. वैमानिक एकमेकांना भेटले की ओळख याच आकड्यावर होते: किती तास झाले?

समजा एकाने वीस वर्षांत तीन हजार तास उडवले. मोठा आकडा वाटतो. त्याला चोवीसने भागा. १२५ दिवस. वीस वर्षांचे दिवस होतात ७,३००च्या वर. म्हणजे ज्या कामामुळे आपण त्याचं चरित्र लिहायला घेतलं ते काम त्याच्या नोकरीच्या काळात दोन टक्केही वेळ घेत नाही. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के जमिनीवर गेले: हवामान सुधारायची वाट बघण्यात, कार्यालयात, मेसमध्ये, रेल्वेत, बदल्यांच्या सामानात आणि घरी. किंवा घरापासून लांब. लॉगबुक याबद्दल काही म्हणजे काहीच सांगत नाही. मी हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा जरा ओशाळलोच, कारण त्या दोन टक्क्यांनाच मी आयुष्य समजून बसलो होतो.

आता इतिहासाकडे वळू. लष्कराकडे हेलिकॉप्टरं का, हवाई दल असताना? हा प्रश्न मुलाखतीत हमखास विचारतात. त्याचं उत्तर तोफेत आहे. तोफ चालवणाऱ्याला टेकडीपलीकडचं दिसत नाही. गोळा कुठे पडला हे कुणीतरी वरून बघून सांगायला हवं: दोनशे मीटर मागे घ्या, थोडं डावीकडे. हे सांगणारा माणूस तोफखान्यातलाच असला तर काम नेमकं होतं. म्हणून तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच छोटं विमान उडवायला शिकवायचं, अशी ब्रिटिशांची पद्धत. तिला एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, थोडक्यात एअर ओपी म्हणायचे. भारतात तिची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, आणि पहिली भारतीय तुकडी उभी राहिली ऑगस्ट १९४७मध्ये. ऑस्टर नावाची हलकी विमानं असायची. विमानं आणि त्यांची देखभाल हवाई दलाची, उडवणारा मात्र तोफखान्याचा. त्यामुळे या सगळ्या कहाणीत देवळालीचं नाव वारंवार येतं. तोफखान्याचं प्रशिक्षण देवळालीला, आणि आज लष्करी वैमानिकांना तयार करणारी कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलही तिथून जवळच, नाशिक रोडला. लष्करी उड्डाणाचा निम्मा इतिहास एका जिल्ह्यात सापडतो, तरी आपल्या विद्यापीठांत त्यावर प्रबंध कमीच दिसतात. विषय शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

या एअर ओपीतून पुढे आलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज. गोव्याचं कुटुंब, जन्म मुंबईत, १९ सप्टेंबर १९३३चा. डिसेंबर १९५२मध्ये, एकोणीस वर्षांचे असताना, तोफखान्यात कमिशन. १९६४मध्ये ते वैमानिक झाले आणि १९६९पर्यंत विमानं आणि हेलिकॉप्टरं दोन्ही उडवली. मधे १९६५चं युद्ध होऊन गेलं. पुढे पायऱ्या चढत १ जुलै १९९० ते ३० जून १९९३ ते लष्करप्रमुख होते. निवृत्तीनंतर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळावर काम केलं, २००४ ते २०१० पंजाबचे राज्यपाल होते. ४ मार्च २०२२ला त्यांचं निधन झालं.

ही झाली छापील ओळख. कोणत्याही अधिकाऱ्याची संक्षिप्त चरित्रं याच साच्यातली असतात: जन्म, कमिशन, पदं, पदकं, उड्डाणाचे तास, त्यातले लढाईतले तास वेगळे, आणि शेवटी एका वाक्यात पत्नीचं नाव. रॉड्रिग्ज यांच्या पत्नीचं नाव जीन. चाळीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा घर बांधलं आणि सोडलं असेल, एका वाक्यात किती मावणार?

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र या साच्यातूनही दिसते. उड्डाण पाच वर्षंच. आधी तोफखाना, नंतर परत जमिनीवरचं सैन्य. एअर ओपीच्या काळात वैमानिक असणं म्हणजे कारकिर्दीतला एक टप्पा, उडून झालं की माणूस आपल्या तोफांकडे परत. हे बदललं १ नोव्हेंबर १९८६ला. त्या दिवशी लष्कराची स्वतंत्र आर्मी एव्हिएशन कोअर अस्तित्वात आली. जनरल सुंदरजी तेव्हा प्रमुख होते. रॉड्रिग्ज तोवर उड्डाण सोडून कितीतरी पुढे गेले होते. यानंतर हळूहळू असे अधिकारी तयार झाले ज्यांची सगळी नोकरी हेलिकॉप्टरमध्येच गेली. पाच वर्षांचा धोका वीस वर्षांचा झाला. याचा परिणाम आधी घरांवर झाला असणार, पण कोअरच्या इतिहासात तुम्हाला स्क्वाड्रनची संख्या मिळेल, घरांचं काही मिळणार नाही.

आता भौतिकशास्त्र. कंटाळू नका, याचा चरित्राशी संबंध आहे.

हेलिकॉप्टर हवेत लटकून राहतं ते हवा खाली ढकलून. पाती फिरतात, हवा खाली जाते, मशीन वर राहतं. हवा विरळ झाली की तेवढंच वजन पेलायला जास्त ताकद लागते. गणित असं: जागेवर तरंगायला लागणारी ताकद हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. समुद्रसपाटीला हवेची घनता प्रमाण स्थितीत घनमीटरला १.२२५ किलो, सहा हजार मीटरवर ०.६६. जवळजवळ निम्मी. म्हणजे तेच वजन उचलायला साधारण छत्तीस टक्के जास्त ताकद हवी. आणि नेमकं तिथेच इंजिनालाही हवा कमी मिळते, म्हणजे त्याची ताकद घटते. एकीकडे मागणी वाढली, दुसरीकडे पुरवठा आटला.

यावर फ्रान्सच्या कारखान्याने काढलेला तोडगा म्हणजे लामा, आपल्याकडचं चीता. १९६८च्या सुमाराला भारताची गरज डोळ्यापुढे ठेवून ते घडवलं गेलं आणि मार्च १९६९मध्ये पहिल्यांदा उडालं. युक्ती साधी होती. हलकं अंग, आणि त्यात गरजेपेक्षा मोठं इंजिन. ८७० अश्वशक्तीचं आर्तुस्त इंजिन मुद्दाम ५५० अश्वशक्तीवर बांधून ठेवलं. खाली उरलेली ताकद वापरायचीच नाही, वर गेल्यावर हवा विरळ झाली की ती राखीव ताकद कामी येते. २१ जून १९७२ला फ्रेंच वैमानिक झाँ बुले याने लामा १२,४४२ मीटरवर नेलं. वर इंजिन बंद पडलं आणि पठ्ठ्याने नुसत्या हवेने फिरणाऱ्या पात्यांवर ते खाली उतरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पहिलं चीता उडालं.

हे सगळं कशासाठी सांगितलं? एका आकड्यासाठी. १३ एप्रिल १९८४, ऑपरेशन मेघदूत. पहाटे साडेपाचच्या सुमाराला सियाचीनच्या तळावरून पहिलं चीता निघालं, त्यात कॅप्टन संजय कुलकर्णी आणि एक जवान. हेच कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले. दुपारपर्यंत सतरा फेऱ्या झाल्या आणि बिलाफोंड ला या खिंडीत २९ जवान उतरले. हा तपशील पत्रकारांनी अनेकदा छापलाय, आपण वाचतो आणि पुढे जातो. आता थांबा, २९ भागिले १७ करा. एका फेरीला १.७ माणसं. वैमानिक धरून पाच माणसं बसतील अशा मशीनमध्ये एका वेळी एक, फार तर दोन जवान. मघाचं घनतेचं गणित इथे आपोआप सिद्ध झालं. युद्धाच्या बातमीतल्या दोन आकड्यांत हवेची घनता लपलेली होती. मला हे सापडलं त्या रात्री मी खोलीतल्या मित्राला उठवून सांगितलं. तो म्हणाला, झोप आता.

(त्या दिवशीची चीता हवाई दलाची होती. पण तेच काम लष्कराच्या वैमानिकांनीही वर्षानुवर्षं केलं. लष्कराच्या ६६६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला सियाचीन फाल्कन्सच म्हणतात.)

सर्वांत उंच चौक्या साधारण वीस-एकवीस हजार फुटांवर. तिथे एका फेरीत कधी रॉकेलचा एखादा कॅन जातो, वीस-पंचवीस किलो. बास. उतरायला टेबलाएवढी सपाट जागा, पंखा थांबवायचा नाही, कारण थांबवला तर परत सुरू होईल याची खात्री नाही. काही सेकंदांत सामान ढकलायचं, आजारी जवान असेल तर आत घ्यायचा आणि निघायचं. लॉगबुकात याची नोंद किती? एक ओळ. चाळीस-पन्नास मिनिटं. नाशिकच्या मोकळ्या आभाळात केलेल्या सरावाचीही ओळ तेवढीच. तासाला तास. म्हणजे जो दोन टक्के भाग लॉगबुकात आहे त्यातही सगळे तास एकाच मापाने मोजलेत. संशोधनात एकक एक असलं म्हणजे राशी एकच आहे असं होत नाही, हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात आणि आपण विसरतो.

जाता जाता माढ्याचं गणित. माढा समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर. मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमान धरा. गरम हवा विरळ असते. हिशेब केला तर घनता येते साधारण १.०५, म्हणजे प्रमाण वातावरणात दीड हजार मीटरवर असते तेवढी. आपल्या मैदानावर भर दुपारी उतरलेलं हेलिकॉप्टर कागदावर तरी महाबळेश्वराच्या वर उभं असतं. २०२४ला माढ्याचं मतदान ७ मेला होतं. सभेला उशीर झाला की उजव्या सीटवरचा माणूस घड्याळाकडे का बघतो, आणि आणखी दोन कार्यकर्त्यांना घ्या म्हटलं की नाही का म्हणतो, हे आता लक्षात येईल. कार्यकर्त्यांना वाटतं, साहेबांच्या वैमानिकाला माज आहे.

आता उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के.

लष्करात पोस्टिंग दोन प्रकारचं, फील्ड आणि पीस. फील्डला कुटुंब नेता येत नाही. मग बायको-मुलं एक तर गावी, नाही तर मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीच्या क्वार्टरमध्ये. दोन-तीन वर्षांनी बदली. आपल्याकडे कुर्डूवाडीला गाडीतून काळी ट्रंक घेऊन उतरणारे जवान आपण लहानपणापासून बघतो. त्यांच्या घरात जे चालतं तेच अधिकाऱ्याच्या घरात चालतं, फक्त क्वार्टर मोठं असतं. वैमानिकाच्या घरात त्यात एक गोष्ट जास्त: शांततेच्या काळातही धोका थांबत नाही. युद्ध नसलं तरी रॉकेल पोचवायचंच असतं.

इथे मला संशोधनाची एक मोठी चूक टाळता आली, तीही जवळजवळ करून झाल्यावर. माझी योजना अशी होती की निवृत्त वैमानिकांच्या मुलाखतींवरून हा विषय उभा करायचा. ते बोलतात छान, गोष्टी रंगवून सांगतात आणि शेवटी म्हणतात, चीतासारखं मशीन नाही, आम्हाला कधी दगा दिला नाही. दहा जण असं म्हणाले की आपण लिहून टाकणार, चीता भरवशाचं. पण निवृत्त या शब्दातच गाळणी आहे. ज्यांना चीताने दगा दिला ते मुलाखत द्यायला नाहीत. संख्याशास्त्र वाचलेल्यांना अब्राहम वाल्ड आठवेल. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं जिथे होती तिथे पत्रा जाड करू नका, जिथे भोकं नाहीत तिथे करा, असा त्याचा युक्तिवाद होता, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नव्हती. आपला नमुनाही परत आलेल्यांचाच.

मग न परतलेल्यांचं कोण बोलतं? त्यांच्या बायका.

तारखा बघा. लष्कर जुन्या चीता-चेतकच्या जागी नवी हेलिकॉप्टरं आणायचा प्रयत्न कितीतरी वर्षं करत होतं. एकदा प्रक्रिया रद्द झाली, पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्ट २०१४च्या शेवटी १९७ हेलिकॉप्टरांची ती खरेदी परत रद्द झाली. महिनाभराने, १ ऑक्टोबर २०१४ला, बरेलीत लष्कराचं चीता कोसळून तीन तरुण अधिकारी गेले. त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या. ॲड. मीनल वाघ-भोसले यांनी पुढाकार घेतला, त्यांचे पतीही लष्करी वैमानिक. इंडियन आर्मी वाइव्ज ॲजिटेशन ग्रुप असं नाव घेतलं आणि २०१५मध्ये त्यांनी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांची भेट घेऊन मागणी केली की ही जुनी हेलिकॉप्टरं आता थांबवा.

ॲजिटेशन हा शब्द लक्षात घ्या. लष्करातला अधिकारी आंदोलन करू शकत नाही, संघटना काढू शकत नाही, वर्तमानपत्रात बोलू शकत नाही. बायको नागरिक असते. तिला राज्यघटनेने दिलेले सगळे हक्क शाबूत असतात. जे घरातल्या गणवेशातल्या माणसाला उच्चारता येत नाही ते तिने उच्चारलं. कागदपत्रांच्या भाषेत सांगायचं तर, त्या मशीनबद्दलची सर्वांत महत्त्वाची साक्ष कोअरच्या दप्तरात नाही, तर कुटुंबांच्या निवेदनात आहे. संशोधक म्हणून आपण ‘कौटुंबिक बाजू’ असं एक छोटं प्रकरण शेवटी जोडतो ना, ते इथे चालणार नाही. इथे कुटुंब हाच मुख्य पुरावा आहे.

पुढचं थोडक्यात. रशियाबरोबर कामोव्ह हेलिकॉप्टरांचा करार झाला, तो रखडला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं नवं हलकं हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ला पहिल्यांदा उडालं, त्यासाठीचा तुमकुरूचा कारखाना फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाला. चीता त्यानंतरही उडत राहिलं. या सगळ्या वर्षांत कुणाचे तरी तास मोजले जात होते आणि कुणी तरी खिडकीत उभं होतं. २५ मे २०२२ला कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकच्या स्कूलमधून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, तेव्हा खिडकीत बायकोच उभी असणार हेही गृहीत धरायचं कारण उरलं नाही.

निवृत्ती. अधिकाऱ्याला वीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळते, म्हणजे काही जण चाळिशीच्या थोडं पुढे असतानाच बाहेर पडतात. मुलं तेव्हा शाळा-कॉलेजात असतात. नागरी परवान्यासाठी हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र अशा परीक्षा द्याव्या लागतात. वीस वर्षं हिमालयात उडलेला माणूस पोरांबरोबर अभ्यासाला बसतो, हे चित्र मला फार आवडतं. मग जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगार नेणं, केदारनाथला साडेतीन हजार मीटरवर यात्रेकरू पोचवणं, नाही तर निवडणुकीत माढा-करमाळा-सांगोला. परवाने आणि तास पुन्हा सुरू. पण रात्री बहुतेक वेळा घरी.

तर मग या माणसाचं चरित्र लिहायला साधनं कुठली? लॉगबुक हवंच, ते सोडू नका. ते सहसा वैमानिकाच्या स्वतःच्या ताब्यात असतं, कपाटात पदकांशेजारी. त्याच्या संमतीशिवाय एकही पान छापू नका. सरकारी सेवापुस्तक माहितीच्या अधिकारात मिळेल असं धरून सिनॉप्सिस लिहू नका, व्यक्तिगत माहिती म्हणून नकार येतो. मोहिमांची कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांनी खुली करायचं धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१मध्ये जाहीर केलं, पण धोरण आणि हातात आलेली फाइल यात अंतर असतं. सोलापूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, माजी सैनिकांशी गाठ घालून द्यायला तिथली माणसं उपयोगी पडतात.

पत्रांचं एक सांगतो. घरी आलेली जुनी आंतरदेशीय पत्रं मिळाली तर तुम्ही खूश व्हाल आणि मग पाठवणाऱ्याचा पत्ता बघाल: ५६ एपीओ. किंवा ९९ एपीओ. गावाचं नाव नाही, राज्य नाही. सुरक्षेसाठी पत्ता असाच असतो. म्हणजे संशोधकाला जशी ती जागा सापडत नाही, तशीच ती पत्र उघडणाऱ्या बायकोलाही सापडत नव्हती. पत्रातला तुमचा अडथळा हाच तिचा अनुभव. तो अडथळा प्रबंधात दुरुस्त करून टाकू नका, तसाच लिहा.

आणि एक साधन असं आहे जे मला कुठल्याच संशोधनपद्धतीच्या पुस्तकात सापडलं नाही: मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. बदलीच्या नोकरीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३पासून केंद्रीय विद्यालयं सुरू झाली, आणि फौजी घरातलं मूल बारावीपर्यंत अशा चार-पाच शाळा सहज बदलतं. प्रत्येक दाखल्यावर शाळेचं गाव, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख. कारण या रकान्यात तेच ते शब्द: पालकांची बदली. हे दाखले कुटुंब जपून ठेवतं, कारण पुढे प्रवेशाला लागतात. ते क्रमाने लावा, शेजारी लॉगबुक उघडा आणि दोन्हीकडच्या तारखा जुळवा. काही काळ दोन्हीकडे गाव एकच येईल. ती त्यांची एकत्र राहिलेली वर्षं. जिथे दाखल्यावर पुणे आणि लॉगबुकात लेह येतं, तिथे पेन्सिलने खूण करा.

मुलाखतीचा पहिला प्रश्न त्या खुणेवर विचारायचा. आणि आधी तिला विचारायचा, मग त्याला.